सुनेच्या कॅमेऱ्याचं कव्हर

ताडपत्रीकाका सुनेला ‘जपून जा’ असं कधी म्हणाले नाहीत. ती कामाला निघाली की दुकानातूनच बाहेर पडायची, कारण वर घर आणि खाली दुकान, जिना एकच. ती बुटांच्या नाड्या बांधायला वाकली की काका शिलाई मशीनवरून मान वर करायचे, दाराबाहेरचं आभाळ बघायचे आणि म्हणायचे, “कॅमेरा सांभाळ.”

“हो बाबा,” म्हणून ती निघून जायची. मग काका पुढचा अर्धा दिवस एकच शिवण घालत आणि उसवत बसायचे.

ताडपत्रीकाका हे नाव गल्लीनं ठेवलेलं. मालट्रकची आच्छादनं, दुकानांपुढचे कापडी छज्जे, हातगाड्यांची छतं, असं सगळं ते शिवायचे. पाऊस आणि माणूस यांच्या मध्ये काहीतरी घालायचं, हा त्यांचा धंदा. दुकान बोळासारखं अरुंद. जाड कापडाची काळी पायमशीन दारात, कापडाचे गठ्ठे छतापर्यंत, आणि सगळ्याला मेणाचा नि रबराचा वास. मशीनखालून जाड कापड ओढून ओढून काकांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता.

स्वभाव मुळातच काळजीखोर. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर म्हणून लागला, तेव्हापासून जगातल्या यच्चयावत समुद्रांचं हवामान त्यांना तोंडपाठ झालं होतं. शेजारच्याला उद्या पाऊस पडेल का ते सांगता यायचं नाही, पण कुठल्यातरी लांबच्या आखातात लाटा किती उसळल्यात ते काका सांगायचे. काकू म्हणायच्या, “यांना काळजी करायला काही उरलं नाही, तर हे त्याचीच काळजी करतील.”

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मुलगा जहाजावर परतला आणि घरात तिघं उरली. सून एका वर्तमानपत्राची छायाचित्रकार. उंच, भराभर चालणारी, कमी बोलणारी. ती घरात आली तेव्हा तिच्याबरोबर दोन मोठ्या काळ्या पेट्या होत्या. एकीत शिलाई मशीन असेल असं वाटून काका मनातल्या मनात खूश झाले होते. उघडल्यावर बघतात तर आत स्पंजच्या खळग्यांत लेन्सा बसवलेल्या. काकांनी हात मागे बांधून त्या पाहिल्या, जणू श्वास जरी लागला तरी तडा जाईल.

पोटची मुलगी असती तर वादळवाऱ्यात दार अडवून उभे राहिले असते. सुनेला काय सांगणार? काम सोडणार नाही, हे तिनं लग्नाआधीच स्पष्ट सांगितलं होतं आणि त्यावर सगळ्यात आधी मान डोलावली होती ती काकांनीच.

पहिल्याच पावसाळ्यात एका कारखान्याचं छप्पर कोसळलं. फोटो काढून ती घरी आली, तेव्हा काका दुकान बंद करत होते. केस कपाळाला चिकटलेले, अंगातला सदरा चिंब, आणि छातीशी गुंडाळलेला रेनकोट. काकांना क्षणभर वाटलं, कुणाचं तान्हं मूल उचलून आणलं की काय. तिनं रेनकोट उलगडला. आत पावाची प्लास्टिकची पिशवी, तिला रबर लावलेलं, आणि पिशवीत कॅमेरा.

“चालू करून बघ ना, बिघडला नाही ना,” काका म्हणाले.

“नाही बाबा. ओला असताना चालू केला तर उरलासुरलाही जातो.” तिनं बॅटरी काढली, लेन्स वेगळी केली, कोरड्या फडक्यानं एकेक फट टिपली, ओल शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या डब्यात सगळं ठेवून झाकण घट्ट लावलं. हे होईपर्यंत आपले दात वाजतायत, हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. काकूंनी टॉवेल आणून डोक्यावर टाकला तेव्हा ती दचकली.

त्या रात्रीपासून ताप. ताप छातीत उतरला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. काका तिथल्या बाकावर बसून राहायचे. डॉक्टर येऊन जायचे, नर्स येऊन जायची, आणि काकांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहायची. कॅमेरा आणि आपण, यांतलं कुणीतरी एकच कोरडं राहणार असेल, तर ही मुलगी स्वतः भिजणार. हे बोलून बदलणारं नाही. मग हिला कोरडं ठेवायचं तर आधी कॅमेरा कोरडा ठेवायला हवा.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरी आल्यावर कापड काढलं आणि कामाला लागले.

पहिलं कव्हर त्यांनी ट्रकला शिवतात तसं शिवलं. दणकट, दुहेरी शिवणीचं, कडेला पितळी कड्या. सुनेनं ते कॅमेऱ्यावर चढवलं, लेन्सचं कडं फिरवायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला.

“कसं आहे?”

“मजबूत आहे बाबा.”

“तुझा हात आत जात नाहीये.”

“जाईल. सवयीनं जाईल.”

काकू जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “तिला फोटो काढायचेत, धान्याची पोती नाही न्यायची.” तेव्हा कुठे सून हसली, आणि काकाही.

मग काका शिकत गेले. दोन्ही बाजूंनी हात घालायला बाह्या हव्यात, मागे बघायला पारदर्शक खिडकी हवी, पुढे लेन्सभोवती इलॅस्टिक हवं, पण काचेवर कापड येता कामा नये. वाऱ्यात कापड फडफडलं की माणसं वळून बघतात आणि फोटो बिघडतो, म्हणून आवाज न करणारं कापड हवं. गार खोलीतून दमट हवेत आलं की कॅमेऱ्यावर वाफ धरते, तेव्हा पिशवी लगेच उघडायची नाही, हेही त्यांनी तिच्याकडूनच ऐकलं. एकदा तिनं विजेरीचा झोत टाकून जुन्या लेन्सच्या आत धरलेली बुरशी दाखवली. कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी, काचेच्या पोटात. काकांनी उभा जन्म ताडपत्र्यांवरच्या बुरशीशी भांडण्यात घालवलेला. त्यांना ते बघून गावाकडचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

शिवलेल्या प्रत्येक कव्हराची परीक्षा न्हाणीघरात व्हायची. आत वर्तमानपत्राची गुंडाळी घालायची आणि फवाऱ्याखाली धरून उभं राहायचं. काकू दारावर थापा मारायच्या. “अहो, तो कॅमेरा आंघोळ करतोय की तुम्ही? मला कपडे धुवायचेत.” काका आतून म्हणायचे, “थांब जरा, वारा सुटल्यावर काय होतं ते बघतोय.” आणि कव्हर गदागदा हलवायचे. बाहेर आल्यावर स्वतः नखशिखांत भिजलेले, पण हातातलं वर्तमानपत्र कोरडं.

हे सगळं चालू असताना त्यांच्या जिवाचा घोर मात्र कमी झाला नाही. उलट वाढला. पूर्वी सून भिजेल एवढीच भीती होती. आता आपल्या शिवणीतून पाणी आत गेलं तर, हीही भीती तिच्यात मिळाली. रेडिओवर वादळाची बातमी लागली की त्यांचे हात आपोआप इलॅस्टिक चाचपायला जायचे.

ज्या वादळाची ही गोष्ट, ते समुद्रावरून आलं आणि दोन-तीन दिवस शहरावर ठाण मांडून बसलं. सुनेचं वापरातलं कव्हर लेन्सपाशी विरलं होतं म्हणून काकांनी नवीन शिवायला घेतलं होतं. यंदा कापड पातळ, हलकं, आतून लेप दिलेलं. अशा कापडाची एक खोड असते. टाका म्हणजे भोक. जितके टाके तितकी भोकं, आणि प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं. त्यावर उपाय म्हणजे शिवणीवर आतून चिकटद्रव लावायचा, वर पट्टी दाबायची आणि कोरड्या हवेत वाळू द्यायचं. काकांनी ते सगळं केलं आणि कव्हर खुंटीला टांगलं. पण हवा कोरडी आणायची कुठून? भिंतींनासुद्धा घाम फुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ट्रकच्या तळावर एक आच्छादन बसवायला गेले. परत आले तर खुंटी मोकळी.

“इथलं कव्हर?” त्यांनी वर हाक मारली.

काकू जिना उतरून आल्या. “ती घेऊन गेली. नदीकाठच्या खालच्या वस्तीत पाणी शिरलंय म्हणून कचेरीतून फोन आला होता. मीच दिलं. शिवून झालेलं दिसलं.”

“वाळलं नव्हतं ते.”

“हाताला तर काही लागलं नाही.”

शेजारच्या खुंटीला त्याच कापडाचा एक तुकडा होता. त्यावर त्याच वेळी, त्याच डब्यातला द्रव लावून पट्टी बसवलेली. काकांनी तो काढला आणि अंगठ्यानं पट्टी घासली. पट्टी साय निघावी तशी अलगद निघून आली.

पुढचं सगळं त्यांना समोर घडत असल्यासारखं दिसलं. पाऊस वाढेल, पट्टी सुटेल, खिडकीच्या कडेनं पाणी आत उतरेल, सुनेच्या ते लक्षात येईल. आणि मग ती अंगातला रेनकोट काढेल.

फोन लावला, तर लागेना. त्यांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत लावला. तिथल्या संपादकांनी शांतपणे सांगितलं, “सकाळी बोलणं झालं होतं. मग लाइनच गेली त्या भागातली. काळजी करू नका काका, कॅमेऱ्याचा विमा आहे.”

“कॅमेऱ्याचं नाही हो,” काका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी कप्प्यातून जुनं, विरलेलं कव्हर काढलं आणि चपलेत पाय घातले. काकूंनी ‘कुठे निघालात’ असं विचारलं नाही. वर जाऊन त्यांनी सुनेचा स्वेटर आणि चहाचा थर्मास आणला आणि काकांच्या पिशवीत कोंबला. “कॅमेऱ्याचं तुम्ही बघा,” त्या म्हणाल्या, “तिचं कोण बघणार?”

तळावरचा एक ओळखीचा ट्रकवाला त्याच बाजूला वाळूच्या गोण्या घेऊन निघाला होता. त्यानं काकांना शेजारी बसवून घेतलं. काचेवरचा वायपर एकच, तोही मनाला येईल तेव्हा फिरणारा. वाऱ्यानं मागचं आच्छादन फटाफट वाजत होतं.

“तुमचंच आहे बरं का ते,” ट्रकवाला म्हणाला. “उडालं तर तुम्हालाच मागे बसवून धरायला लावीन.”

एरवी काका हसले असते. त्यांनी विचारलं, “खालच्या वस्तीत माणसं अडकलीयत का?”

ट्रकवाल्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि थट्टा सोडली. “अडकलीयत असं म्हणतात. बोटी गेल्यात. कोण आहे तुमचं तिथं?”

“सून.”

“तिथं राहते?”

“नाही. फोटो काढायला गेलीय.”

ट्रकवाल्यानं यावर काही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच काकांना लागलं.

रस्ता उतरता उतरता एका ठिकाणी सरळ पाण्यात शिरला होता. तिथून वर, उंचावर एक शाळा होती. बोटींनी आणलेल्या माणसांना तिथे नेत होते. वर्गांतली बाकं भिंतीला लावलेली, मध्ये ओली माणसं, ओल्या पिशव्या, कुणाचा पोपटाचा पिंजरा. काका प्रत्येक वर्गात डोकावून आले. सून नव्हती. ते पुन्हा पाण्याच्या काठाशी येऊन उभे राहिले. छत्री वाऱ्यानं कधीच उलटी झाली होती.

तेवढ्यात एक बोट आली. अग्निशमन दलाचे दोन जवान, आत तीन-चार माणसं. त्यातला एक म्हातारा कुबड्या घेऊन होता, त्याला दोघांनी उचलून उतरवलं. मग एका जवानानं पायाशी ठेवलेलं एक पिवळं गाठोडं उचलून वर धरलं.

“वर्तमानपत्राचं कुणी आलंय का?”

काका पुढे झाले. पिवळं गाठोडं म्हणजे सुनेचा रेनकोट होता. बाह्यांची गाठ मारलेली. गाठीतून त्यांच्या हातचं राखाडी कापड डोकावत होतं.

“ही कुठाय?” काकांनी विचारलं.

“त्या बाई? त्या तिथंच आहेत, पावाच्या भट्टीच्या गच्चीवर. बोटीत जागा एकाचीच होती. त्या म्हणाल्या, आजोबांना घ्या, आणि हे वर्तमानपत्राच्या माणसाकडे द्या. तुम्ही कोण?”

“सासरा.”

“मग हे धरा. आणू त्यांना पुढच्या फेरीत.”

पण पुढची फेरी झालीच नाही. वारा फिरला आणि पाण्याला भलतीच ओढ आली. वस्तीच्या तोंडाशी, जिथे गल्ली रस्त्याला मिळते, तिथे पाणी गरगरा फिरायला लागलं. जवान एकदा गेले, बोट आडवी होता होता वाचली आणि ते परत आले. त्यांच्या प्रमुखानं हात वर करून सगळ्या बोटी थांबवल्या.

काका शाळेच्या व्हरांड्यात एका बाकावर बसले. गाठोडं मांडीवर. पाण्याकडे बघवत नव्हतं म्हणून ते रेनकोटाकडे बघत राहिले. बाजारातला, स्वस्तातला रेनकोट. खांद्याच्या शिवणीला मशीनचा साधा एकेरी टाका, आतून पट्टी नाही की काही नाही. आपण जगातल्या प्रत्येक ट्रकला, प्रत्येक गाडीला आणि त्या एका यंत्राला आच्छादन शिवलं, आणि या पोरीच्या अंगावर हे होतं. आणि आता तर हेही नव्हतं. गच्चीवर ती नुसत्या सदऱ्यात उभी असणार. काकांना त्या कॅमेऱ्याचा इतका राग आला की तो उचलून पाण्यात भिरकावून द्यावा असं वाटलं. त्यांनी तो आणखी घट्ट धरला.

थोड्या वेळानं वर्तमानपत्राचा बातमीदार गाडी घेऊन पोचला. तरुण, धापा टाकत आलेला. “काका, कार्ड काढून द्या लवकर. फोटो पाठवायचेत.”

“तिला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही.”

“अहो, तिनं त्यासाठीच तर पाठवलाय.”

पोराचं खरं होतं. स्वतःची जागा सोडून तिनं कॅमेरा पुढे धाडला तो काही मांडीवर घेऊन बसण्यासाठी नव्हे. ते उठले. आतल्या एका वर्गात गेले, वाऱ्याकडे पाठ केली, आणि काकूंनी दिलेला स्वेटर घडी करून टेबलावर पसरला. हात सदऱ्याला पुसून भागेना म्हणून फळ्याजवळच्या खडूच्या भुकटीत चोळले, मग रुमालानं झाडले. गाठ सोडली. कव्हराची पट्टी खिडकीपाशी टीचभर सुटली होती, अगदी त्यांना वाटलं होतं तशीच. कॅमेऱ्याच्या पाठीवर थेंब होते. त्यांनी ते एकेक करून टिपले. कार्डाचं दार कुठं आहे ते त्यांना माहीत होतं, कारण त्या दारावर कापड दाबलं जाऊ नये म्हणून त्यांनी किती वेळा माप घेतलं होतं. दार उघडलं. आत कोरडं होतं.

बातमीदारानं लॅपटॉप उघडला. फोटो एकामागून एक येऊ लागले. आधी वस्ती, पाणी, दोर धरून चालणारी माणसं. मग गच्ची. गच्चीवरची माणसं तिनं एकेकटी काढली होती. एक बाई आणि तिची मुलगी, भट्टीवाला, पांढऱ्या मिशांचा कुणी, डोक्यावर गोणपाट घेतलेले दोघं भाऊ. प्रत्येकाचा चेहरा स्पष्ट. मग गच्चीच्या चारी बाजूंनी खाली दिसणारं पाणी.

दलाचा प्रमुख दारातून आत आला होता. तो मागे उभा राहून बघत होता. “थांब,” तो म्हणाला. “मागे घे. हा कुठला भाग?”

फोटोत एक बोळ होता. एका बाजूला भट्टीची भिंत, दुसऱ्या बाजूला गोदामाची लांबच लांब भिंत. मध्ये पाणी, आणि पाण्यावर पावाच्या रिकाम्या लाकडी पेट्या.

“पुढचा फोटो दाखव, तोही याच बोळाचा दिसतोय. आता पुन्हा हा.” प्रमुख वाकून बघत राहिला. “पेट्या हलल्याच नाहीत. गोदामानं ओढ अडवलीय. इथं पाणी थांबलेलं आहे.” त्यानं वळून विचारलं, “तिथलं कुणी आहे का इथं?”

कुबड्यांवरच्या आजोबांना आणलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. “हा मागचा बोळ. इथं भट्टीचा लोखंडी जिना आहे. वरच्या नाल्याकडून यावं लागतं पण. लांब पडतं.”

“लांब पडू दे,” प्रमुख म्हणाला आणि बाहेर गेला.

बोट ट्रकवर चढवून वरच्या अंगाला नेली, ती काकांच्याच ओळखीच्या ट्रकवर, गोण्या उतरवून. काकांना बरोबर येऊ दिलं नाही. त्यांनी आग्रहही केला नाही, कारण बोटीतली एक जागा अडली असती. बातमीदार फोटो पाठवत बसला. आजोबा काकांच्या शेजारी बाकावर टेकले.

“मी नको म्हणालो होतो हो,” आजोबा म्हणाले. “माझं आता काय राहिलंय. पण तिनं ऐकलं नाही. मला म्हणाली, आजोबा, माझ्या घरी पण एक आहेत, ते ओरडतील मला.”

“मी कधी ओरडलो नाही तिला,” काका म्हणाले. “एकदासुद्धा नाही.” आणि त्यांना हुंदका आवरेना. आजोबांनी दुसरीकडे बघत त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

किती वेळ गेला ते काकांना पुढेही कधी सांगता आलं नाही. पाऊस कमी होऊन पुन्हा वाढला होता. मग वरच्या रस्त्यानं ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मागच्या आच्छादनाखालून माणसं उतरायला लागली. ती बाई, तिची मुलगी, भट्टीवाला, गोणपाटवाले. सगळ्यात शेवटी सून उतरली. ओठ निळे पडलेले, हाताची घडी घट्ट, सदरा अंगाला चिकटलेला. तिनं समोर काकांना पाहिलं आणि जागच्या जागी थांबली.

“बाबा? तुम्ही इथं कसे? कॅमेरा...”

“असेल तिथे कुठेतरी. तू बस आधी.”

त्यांनी तिला वर्गात नेऊन बसवलं आणि टेबलावरचा स्वेटर ओढून आणला. कॅमेऱ्याखालून तो काढताना कॅमेरा घरंगळला, तो बातमीदारानं झेलला. काकांनी वळूनही पाहिलं नाही. थर्मासमधला चहा तिच्या हातात दिला, तर तिच्या हातातला पेला हलत होता, म्हणून तिच्या बोटांवरून स्वतःची बोटं धरून ते उभे राहिले.

“पट्टी सुटली बाबा,” ती चहाचा घोट घेत म्हणाली. “खिडकीपाशी.”

“माहीत आहे. वाळलं नव्हतं.”

“मी विचारून न्यायला हवं होतं.”

“बिघडला असता तर बिघडला असता.” काकांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “कॅमेरा गेला तर दुसरा येईल. तू रेनकोट का काढलास? मागच्या वेळी काय झालं होतं ते आठवत नाही का तुला? आम्ही दोघं घरात कसे बसतो, तुला कल्पना आहे?”

वर्गातली माणसं वळून बघायला लागली. सून मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, “फोन बंद पडले होते सगळ्यांचे. गच्चीवर कोण कोण आहे ते कुणालाच कळलं नसतं. ते सगळे त्यात होते बाबा. म्हणून झाकला.” पेला रिकामा करून ती म्हणाली, “बोळाचं मात्र माझ्या मनातही नव्हतं. तो आपला सहज काढला होता.”

काकांनी पेल्यात आणखी चहा ओतला.

संध्याकाळी ट्रकवाल्यानं दोघांना घरी सोडलं. काकूंनी दार उघडलं, सुनेला आत घेतलं आणि काकांकडे बघून एवढंच म्हणाल्या, “तुम्हीपण कपडे बदला.” सुनेला ताप आला, पण छातीत गेला नाही. कॅमेरा डब्यात राहून सुधारला. लेन्स मात्र वाचली नाही. आतल्या काचेवर ओल धरली होती आणि दुरुस्ती करणाऱ्यानं हात टेकले. सून त्या लेन्सबद्दल चार दिवस हळहळली. काकांना लेन्सचं काही वाईट वाटलं नाही आणि तसं त्यांनी सांगूनही टाकलं. आता त्यांना सांगता येत होतं. आता ते ‘कुठे जातेयस’, ‘कुणाबरोबर’, ‘पाणी वाढलं तर काय करशील’ असं सगळं तोंडावर विचारायचे. सून कधी उत्तर द्यायची, कधी वैतागायची. एकदा दोघांचं चांगलंच वाजलं आणि दोन दिवस अबोला झाला. काकूंच्या मते घर आत्ता कुठे घरासारखं वाटायला लागलं होतं.

काकांनी तिच्यासाठी रेनकोट शिवला. माप काकूंनी घेतलं. शिवणी आतून पट्टीनं बंद केल्या आणि पूर्ण आठवडाभर शेगडीजवळ वाळवल्या. तिचा हात खुंटीकडे गेला की काका म्हणायचे, “अजून नाही.”

पुढचं वादळ आलं तेव्हा ती तो घालून गेली. काका मशीनवर बसले, थोडा वेळ पाय मारला, मग मशीन झाकून जिना चढून वर आले. दुपारी ते वर कधी येत नसत. काकू खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“काय झालं?” काकूंनी विचारलं.

“भीती वाटते.”

“मग मला काय वाटत नाही?” काकूंनी घड्यांचा ढीग सरकवून जागा केली. “बसा.”

काका बसले. दोघांनी रेडिओ लावला. त्यावर पाण्याचीच बातमी होती म्हणून बंद केला, आणि कळत नाही म्हणून पुन्हा लावला. खिडकीची काच वाऱ्यानं थरथरत होती. काकांनी उशीचा एक अभ्रा उलटासुलटा घडी केला, तो काकूंनी उलगडून नीट केला.

फोन वाजला तेव्हा दोघंही एकदमच उठले. काकूंचा हात आधी पोचला. त्यांनी ऐकलं, दोनदा ‘हं’ म्हणाल्या, आणि फोनवर हात ठेवून काकांकडे वळल्या.

“विचारतेय, तुम्ही दोघं जेवलात का.”

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ताटं सकाळी पालथी घातलेली तशीच होती.

“सांग, बसतोच आहोत,” ते म्हणाले.